सांधा जोडताना

३ फेब्रुवारी

बारक्या,

तुला आता या नावानं हाक मारावी की नाही, इथंच माझा कागद अडला होता. तू स्वतः आजोबा झालास म्हणे. पण दुसरं काही लिहायला गेलो की वाटतं, भलत्याच माणसाला लिहितोय. राग आला तर कागद घडी घालून बाजूला ठेव, फाडू नकोस. पुढं कामाचं लिहिलंय.

तुझ्या मुलीचा फोन आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्यामुळे मी आधी घाबरलोच. तिनं सांगितलं, तुझ्याही किडन्या आपल्या आईच्याच वाटेनं गेल्या. त्याच पाण्याच्या गाठी. मला निघाल्या तेव्हाच मी मनात म्हटलं होतं, बारक्यानं तपासून घ्यायला हवं. म्हटलं मनात. कळवलं नाही.

ती म्हणाली, "काका, डॉक्टर म्हणतात, एक तर दवाखान्यात जाऊन मशीनवर रक्त साफ करून घ्या, नाहीतर घरच्या घरी पोटातून करा. तुम्ही पोटातलं करता ना? बाबा विचारणार नाहीत, पण त्यांना कळायला हवंय."

मी म्हटलं, "दे त्याला फोन."

तिनं फोन दिला नाही. मग म्हणाली, "पत्र लिहाल का?"

मी समजलो. बरंच झालं म्हणा. फोनवर तू गप्प राहिला असतास आणि मी बडबडत सुटलो असतो, आणि बडबडीत मी काय काय बोलून जातो ते तुला माहीत आहे.

तर ऐक. तू नळाचा माणूस, तुला डॉक्टरांपेक्षा मीच लवकर समजावीन. किडनी म्हणजे अंगातली सांडपाण्याची वाट. ती कायमची बसली. आपण अशा वेळी काय करतो? दुसरीकडून वाट काढतो. आतड्यांवर आणि पोटाच्या आतल्या बाजूला एक पातळ पडदा असतो. त्यात रक्ताच्या केसाएवढ्या बारीक नळ्या असतात. पोटाच्या पोकळीत साखरेचं स्वच्छ पाणी भरायचं, साधारण दोन लिटर, आणि चारसहा तास तसंच राहू द्यायचं. रक्तातली घाण त्या पडद्यातून झिरपून पाण्यात येते. अंगात साठलेलं जास्तीचं पाणीही साखर ओढून घेते. मग ते पाणी बाहेर सोडायचं आणि नवीन भरायचं. खरकटी भांडी भिजत घालतो ना, तसंच. घासायचं नाही, फक्त भिजू द्यायचं. आणि पाणी बदलत राहायचं, दिवसातून तीन-चार वेळा. मला तीनदा पुरतं.

याला मोटर नाही, वीज नाही. भरलेली पिशवी वर खुंटीला, रिकामी पिशवी खाली जमिनीवर, मध्ये नळी. वर टाकी, खाली गटार, सगळा खेळ उताराचा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू आलं. जन्मभर लोकांच्या मोऱ्या उपसल्या आणि शेवटी माझ्याच पोटाला जोडणी काढली!

बेंबीच्या बाजूला मऊ नळी बसवतात, छोटं ऑपरेशन करून. जखम भरायला थोडे दिवस देतात, मग घरी कसं करायचं ते शिकवतात. आमची नर्स म्हणाली, "आजोबा, तुम्ही प्लंबर? मग तुम्हाला मी काय शिकवू, तुम्हीच मला शिकवा." मीही जरा फुगलो. लवकरच जमलं सगळं. एकदोनदा ओरडली ती माझ्यावर, पण शिकताना तेवढं होतंच.

त्या शेवटच्या साइटवर जे झालं त्याबद्दल मी काही लिहीत नाही. दोघांनाही माहीत आहे. तू पोटातलंच घे, एवढं सांगायला हे पत्र. पाकिटावरचा पत्ता सुनेनं घातलाय. मी घातला असता तर पोचतंय की नाही या काळजीनं झोप लागली नसती.

दादा


२१ फेब्रुवारी

बारक्या,

तुझं उत्तर आलं. एवढ्या मोठ्या पाकिटात एवढासा कागद, त्यावर एक ओळ. "दुखतं का?" वर नाव नाही, खाली सही नाही. पण अक्षर तुझंच. शेवटचं अक्षर अजून खाली उतरतं, पाइपाला बाक आल्यासारखं. मी तो कागद चश्म्याच्या घरात ठेवलाय.

दुखत नाही. सुरुवातीला पाणी आत जाताना पोट ताणल्यासारखं वाटतं. नळीतली हवा आत गेली तर खांदा दुखतो. हे मला अजून पटत नाही, पोटातली हवा खांद्याला कशी कळते? म्हणून पोटात पाणी घेण्याआधी थोडं नवीन पाणी सरळ खालच्या पिशवीत सोडून नळी धुऊन घ्यायची. आपण नवी लाइन सोडताना पहिलं पाणी वाया घालवतो तसं. पिशवी गार असेल तर हुडहुडी भरते, म्हणून ती आधी कोमट करायची, पण पाण्यात बुडवून नाही, कोरडीच. पोट साफ राहायला हवं. नाही राहिलं तर आतडं फुगून नळीवर बसतं आणि पाणी बाहेर यायला अडतं. मला पहिल्याच महिन्यात हे झालं, मी घाबरून गेलो, वाटलं नळी तुंबली. नर्स फोनवर म्हणाली, "आजोबा, नळी नाही, तुम्ही तुंबलायत." सून दारात उभी राहून हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता ते सांगतो जे डॉक्टर सांगत नाहीत. लाज वाटते. पोटात सदा पाणी, त्यामुळे पोट पुढं. पायजम्याची नाडी नळीच्या खाली बांधायची, म्हणजे पायजमा घसरत राहतो. सकाळ-संध्याकाळ सुनेसमोर सदरा वर करून बसायचं. पोरगा ट्रकवर, महिन्यातले थोडेच दिवस घरी, त्यामुळे सगळं तिच्यावर. ती तयार कपड्यांच्या कारखान्यात बटणं तपासते. बारीक काम, नजर तयार. माझा हात थरथरतो म्हणून सकाळ-संध्याकाळच्या पिशव्या ती जोडते. तिला बघशील तर वाटेल ऑपरेशनच आहे. खिडकी बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, साबणानं हात कोपरापर्यंत. तीही लाजत असणार. मान तिकडं करून म्हणते, "बाबा, झालं, टोपण लावा." तिची आई नाही, तिची सासूही राहिली नाही, घरात दुसरं बाईमाणूस नाही जिला मी म्हणेन की हे तू कर.

दुपारी ती कामावर असते. दुपारची पिशवी मी एकटा बदलतो. सवयीचं काम, सांधा जोडायला मला कुणी शिकवायला नको. हात आपला आपण चालतो.

बाहेर आलेलं पाणी फिकट पिवळं आणि नितळ हवं. ते बघायची युक्ती ऐक. पिशवीमागं छापील कागद धरायचा. अक्षरं वाचता आली तर पाणी चांगलं. गढूळ दिसलं तर आत जंतू शिरले, लगेच दवाखाना गाठायचा, पिशवी सोबत घेऊन. मी एक जुना कागद ठेवलाय, रंगाच्या जाहिरातीचा. मोठ्यानं वाचतो, "एकदा लावा, दहा वर्षं निर्धास्त राहा." रोज तेच. सून म्हणते, "बाबा, कागद तरी बदला." मी म्हणतो, "मजकुराशी काय करायचंय, अक्षर दिसल्याशी कारण." खरं म्हणजे नवीन कागद वाचायला मला वेळ लागतो. अडखळतो. ती ऐकत असते.

तेव्हा घाबरू नकोस. पोटातलंच घे. मशीनवाल्यांना आठवड्यातून तीनदा दवाखान्यात जावं लागतं, सुया टोचून घ्याव्या लागतात. इथं तू तुझ्या घरी, तुझ्या खाटेवर. अंडी मात्र खा, या पाण्याबरोबर अंगातलं सत्त्वही निघून जातं.

दादा


१८ मार्च

बारक्या,

उशीर झाला. मध्यंतरी बरं नव्हतं. थोडं दवाखान्यात राहावं लागलं. आता घरी आहे.

तुला सांगितलं होतं त्यात बदल कर. तू मशीनवरच जा. हे पोटातलं सगळ्यांना मानवतं असं नाही. घरात सतत माणसं येतात जातात, एवढी स्वच्छता कुठून आणायची? माझ्या पोटात जंतू गेले. ताप आला, पोट असं धरलं की श्वास घेववेना. औषध पिशवीतूनच पोटात सोडत होते. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचलात, यावेळी नळी राहिली, पुन्हा झालं तर काढावी लागेल. पडदा एकदा खराब झाला की झाला, तो बदलून मिळत नाही.

सुनेला त्या आठवड्यात सर्दी होती. नर्सनं विचारलं, "घरात कुणाला सर्दी-खोकला?" ती स्वतःच म्हणाली, "मला." मी तिथंच होतो. मी काही बोललो नाही. म्हणजे मी तिचं नाव घेतलं नाही, एवढं लक्षात घे.

आता ती माझ्या पिशवीला हात लावत नाही. दोन मास्क एकावर एक लावून दारात उभी राहते आणि पिशवी काठीनं ढकलावी तशी स्टुलावरून पुढं सरकवते. सकाळ, दुपार, संध्याकाळ, सगळं मीच करतो. नातीला माझ्या खोलीत येऊ देत नाही. मी काल म्हटलं, "अगं, एवढं नको." ती म्हणाली, "नको बाबा. माझ्यामुळे एकदा झालं तेवढं पुरे."

तिकडं पाऊस-पाणी, हवा कशी आहे ते कळव. गुडघा कसा आहे तुझा?

मशीनवरच जा. हे मी तुझ्या भल्यासाठी सांगतोय.

दादा


६ एप्रिल

बारक्या,

तू माझं ऐकलं नाहीस. तसं तू माझं शेवटचं कधी ऐकलं होतंस ते मला आठवतंय, त्यामुळे तक्रार करत नाही. तुझ्या मुलीनं फोनवर सांगितलं, नळी बसवून झाली, जखम चांगली भरतेय, येत्या सोमवारपासून शिकवायला घेणार. म्हणाली, "बाबा म्हणतात, दादानं पहिल्या पत्रात लिहिलंय तेच खरं. शेवटच्या पत्रात तो घाबरून लिहितोय." तू मला अजून ओळखतोस हे ऐकून मला आत कुठंतरी बरं वाटलं, आणि त्याच वेळी सोमवार किती दिवसांवर आलाय ते मी बोटांवर मोजलं.

आणि आज तुझं पाकीट आलं. पुन्हा एकच ओळ. "आत शिरले कुठून?"

सकाळपासून हा कागद हातात घेऊन बसलोय. हा आपल्या धंद्यातला प्रश्न आहे. भिंत ओली दिसली की मालक आरडाओरडा करतो, आपण मात्र एवढंच विचारतो, पाणी शिरलं कुठून? डॉक्टरांनी विचारलं नाही असं नाही. पण त्यांना उत्तर मिळालं होतं, सुनेची सर्दी, आणि ते उत्तर मी मिळू दिलं. तुला ते पुरलं नाही. मी शिकवलेला माणूस तू. सांध्याजवळ गेल्याशिवाय तुला पटणार कसं?

तर सांगतो. आत शिरले माझ्या अंगठ्यावरून.

आता तुझा हात बघ. तू वाचता वाचता थांबला असशील, मला माहीत आहे.

पाइपाचं टोक सांध्यात घालायच्या आधी अंगठा फिरवायचा. कडेचा कीस, माती, पाणी, सगळं एका फिरकीत निघतं. मी शिकलो तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं, बघून उचललं. तुला मात्र मी सांगून शिकवलं, ओरडून शिकवलं. साइटवर लांबून नुसतं "अंगठा!" असं ओरडलो की तुझा हात वळायचा. जन्मभर इतके सांधे जोडले की आता डोकं विचारतच नाही. हातात नळीचं टोक आलं की अंगठा उठतो.

आणि या नळीचं नेमकं तेच टोक असतं ज्याला कशाचाही, कशाचाही स्पर्श होऊ द्यायचा नाही. टोपण काढायचं आणि थेट जोडायचं. ती वाट सरळ पोटात जाते. शिकवायच्या पहिल्याच दिवशी माझा अंगठा फिरला होता. नर्स ओरडली, "आजोबा, हात!" ती ओरडली असं मी तुला लिहिलं होतं. कशासाठी ओरडली ते लिहिलं नाही. ती म्हणाली, "चुकून हात लागला तर जोडायचं नाही. नळीचं तोंड बंद करून नवीन टोपण लावायचं आणि मला फोन करायचा. मी पुढचा तुकडा बदलून देईन. कितीही वेळा करा फोन, मी रागावणार नाही." मी मान डोलावली. मनात म्हटलं, पोरी, तुझ्या वयाएवढी वर्षं मी नळ जोडलेत.

घरी दुपारी मी एकटा. पहिल्यांदा फिरला तेव्हा दचकलो. फोनजवळ गेलो आणि परत आलो. काय सांगू? की प्लंबरला एक सांधा जोडता येत नाही? जोडून टाकलं. काही झालं नाही. पुढच्या वेळी फिरला तेव्हा कमी दचकलो. मग दचकणंच थांबलं. बघ, काही होत नाही, असं मी मलाच सांगायचो. आपण मालकाला सांगतो ना, "हलका पाझर आहे, आपोआप बसेल," तसं.

मग एका दुपारी पाणी गढूळ आलं. तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं. मी बघितलं, बारक्या. मला दिसलं. पिशवी ओतून टाकली आणि धुऊन काढली. संध्याकाळी सुनेनं पाणी काढलं तेव्हा मी पिशवी माझ्याकडे ओढली, म्हटलं, "बघायचं काम माझं, तू दूध बघ, उतू जाईल." ती आतून म्हणाली, "दिसतंय का, बाबा?" मी कागद पिशवीमागं धरला. एक अक्षर दिसत नव्हतं. आणि मी मोठ्यानं वाचलं, "एकदा लावा, दहा वर्षं निर्धास्त राहा." पाठच झालं होतं. ती म्हणाली, "छान."

ते "छान" मला तापात ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी मी उठूच शकलो नाही. तिनं पिशवी उजेडाला धरली आणि तिचा चेहरा उतरला. "बाबा, यातून तर काहीच दिसत नाही. काल तुम्ही वाचलंत ना?" मी म्हटलं, "काल साफ होतं." मग ती हिशोब लावत बसली, म्हणजे आज सकाळीच झालं, म्हणजे काल संध्याकाळी मी जोडलं तेव्हा गेलं असणार, आणि मला सर्दी. दवाखान्याच्या वाटेवर, माझं डोकं मांडीवर घेऊन, ती हेच घोकत होती. मी डोळे मिटून पडलो होतो. झोप नव्हती लागली.

अजून संपलं नाही. खरी लाजेची गोष्ट पुढं आहे.

बरा झाल्यावर नर्सनं मला पुन्हा बोलावलं. म्हणाली, करून दाखवा. सरावाची नळी होती, खरी नव्हे. सून बाहेर बाकावर, माझी औषधांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. मी टोपण काढलं आणि अंगठा उठला. नर्सनं माझं मनगट हवेतच धरलं. बराच वेळ धरून ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाली, "हे घरी किती वेळा झालं, आजोबा?"

मी म्हटलं, "आजच. तुम्ही बघताय म्हणून गडबडलो."

तिचा विश्वास बसला नाही. पण वयाकडे बघून असेल, तिनं पुढं खोदून विचारलं नाही. फक्त म्हणाली, "बाहेर गेल्यावर सूनबाईंना सांगा, सर्दीनंच झालं असं काही नाही. त्या मास्क लावत होत्या. उगीच मनाला लावून घेतलंय त्यांनी."

मी बाहेर आलो. सून उठून उभी राहिली. "काय म्हणाल्या?"

मी म्हटलं, "सगळं ठीक. चल."

एवढंच सांगायचं होतं मला. तिच्यासाठी दिलेला निरोप होता, तेवढासुद्धा मी पोचवला नाही. तेव्हापासून ती दारात दोन मास्क लावून उभी राहते आणि मी तिच्या डोळ्यांत बघत नाही. तुला मशीनवर जा म्हणून लिहिलं तेही तुझ्या भल्यासाठी नव्हतं. तू मशीनवर गेलास की मला हे सांगावंच लागणार नव्हतं.

पण आता सोमवारी तू नळी हातात घेणार. तुझी नर्स तुला हजार गोष्टी सांगेल, अंगठ्याचं तिला कुठून माहीत असणार? आणि तुझा अंगठा माझ्यापेक्षा चलाख आहे. मीच केलाय तसा. त्या शेवटच्या साइटवर सांधा गळला तेव्हा मालकासमोर, मजुरांसमोर मी तुझ्या थोबाडीत मारली आणि काय बोललो होतो ते तुला पाठ असेल. "अंगठा फिरवायला काय होतं रे तुला!" सांधा कशानं गळला ते मी नीट बघितलंही नव्हतं. तू हत्यारांची पिशवी उचललीस आणि गेलास. तुझी मुलगी म्हणते, बाबांचा सांधा पुन्हा कधी गळला नाही. म्हणजे त्या थपडेनंतर तू एकही टोक पुसल्याशिवाय जोडलं नसणार.

तेच मला भीतीनं खातंय. माझी थप्पड तुझ्या अंगठ्यात बसलीय, आणि सोमवारी ती उठेल.

हे पत्र आज टाकत नाही. आधी एक काम करायचंय. ते झालं नाही तर या पत्रालाही काही अर्थ नाही, हाही माझा एक पाझर झाकल्यासारखाच होईल.


७ एप्रिल

काल संध्याकाळी सून कामावरून आली. हात-पाय धुऊन दारात उभी राहिली, दोन मास्क, डोळे तेवढे दिसत होते. मी म्हटलं, "आत ये."

"नको बाबा, इथूनच सांगा."

तोंडी सांगितलं असतं तर मी पुन्हा काहीतरी झाकलं असतं. म्हणून हेच पत्र काढलं आणि वाचून दाखवलं. अडखळत. माझंच अक्षर मला लागत नव्हतं. जाहिरातीचा भाग आला तेव्हा वर बघवेना.

वाचून झालं. ती दारातून हलली नाही. मग म्हणाली, "दुपारचं?"

"हो."

"आणि मी कारखान्यात कुणी शिंकलं तरी जागा सोडून उठते. मुकादम मला वेडी म्हणतो. पोरगी आजोबा आजोबा करून रडली तरी तिला इथं फिरकू दिलं नाही मी." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "तुम्ही रोज बघत होतात."

"हो."

ती आत गेली. भांडी आपटल्याचा आवाज येत राहिला, बराच वेळ. मी खाटेवर बसून होतो. पिशवी बदलायची वेळ झाली, टळली. मी उठून हात धुतले, म्हटलं आता एकट्यानंच करायचं आहे आणि ते बरोबरच आहे.

टोपणाला हात घालणार एवढ्यात ती आली. एकच मास्क. खिडकी लावली, पंखा बंद केला, हात धुतले, आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. पिशवी स्वतः जोडली असती तर मला सोपं झालं असतं. तिनं तसं केलं नाही. म्हणाली, "करा."

मी टोपण काढलं. टोक समोर आलं. आणि तुला काय सांगू, एवढं सगळं लिहून, वाचून, रडून झाल्यावरही तो उठलाच.

"अंगठा!"

अशी ओरडली की पलीकडच्या खोलीत नातीच्या हातातलं काहीतरी खाली पडलं. माझा हात जागच्या जागी थांबला. मी टोक सरळ जोडलं. तिनं रागानंच म्हटलं होतं ते. असू दे. माझ्या अंगठ्याला दुसरी भाषा कळत नाही.

पाणी बाहेर आलं तेव्हा तिनं जाहिरातीचा कागद चुरगळून टाकला आणि नातीच्या शाळेच्या पुस्तकाचं एक पान पिशवीमागं धरलं. मी वाचायला लागलो. अडखळत वाचलं, पण वाचलं. खोलीचं दार लोटून नात बघत होती. तिनं एक शब्द दुरुस्त केला.

सोमवारी तू बसशील तेव्हा तुझ्या मुलीला शेजारी उभं कर. पिशवी तूच जोड, तिनं फक्त तुझ्या हाताकडं बघायचं. अंगठा उठला की जोरात ओरडायचं. लाजायचं नाही. शब्द तोच असू दे, तोच तुझ्या हाताला पोचेल. मात्र या वेळी त्याचा अर्थ, थांब. एकदा जरी टोकाला लागला तर जोडू नकोस, तोंड बंद करून नर्सला फोन कर, ती कितीही वेळा रागावली तरी कर.

तिच्या तोंडून तो शब्द ऐकताना तुला माझा आवाज ऐकू येईल, याची मला लाज वाटते. पण ऐक, बारक्या. शेवटचं एकदा ऐक आणि हात खाली घे.

पत्ता सुनेनंच घातलाय. पाकीट तीच टाकणार आहे, कामावर जाताना.

दादा